डीडीएलजेचं कालनिर्णय लावून देता का कुणी?

चष्मिष्ट (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी सोळा वर्षांच्या भाचीला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (म्हणजेच डीडीएलजे) दाखवायला बसलो. तिने कधीच पाहिला नव्हता. म्हटलं रडेल, शेवटी टाळ्या वाजवेल. करवा चौथचा प्रसंग सुरू झाला आणि कार्टीने विचारलं, "मामा, आत्ता महिना कोणता चालू आहे?"

झालं. तीस वर्षं मी हा सिनेमा बघतोय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आता त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

बघा हं. लंडनला नायक राज नापास होतो, म्हणजे निकाल लागलेत. विलायतेत पदवीदान साधारण जुलैत असतं. मग तो आणि नायिका सिमरन महिनाभर युरोपच्या सहलीला. तिथे हिरवीगार कुरणं आहेत, गायी चरतायत, आणि त्याच सहलीत बाईसाहेब लाल झग्यात बर्फात लोळतात. परत आल्या आल्या तिचा बाप बिऱ्हाड गुंडाळून पंजाबात. पंजाबात सरसों फुललेली. त्यानंतर करवा चौथ. त्यानंतर लग्न.

आता सांगा, मोहरी फुलते जानेवारी-फेब्रुवारीत. करवा चौथ असते ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला. सिनेमात आधी मोहरी आणि मग करवा चौथ. म्हणजे मधे निदान आठ महिने गेले. एवढा काळ राज त्या लग्नघरात पाहुणा म्हणून राहिला? कुणी विचारलंसुद्धा नाही, की बाबा तुझं घरदार कुठंय?

धाग्याचा उद्देश असा: सगळ्यांनी मिळून या सिनेमाचं एक पंचांग बसवून द्यायचं. कपड्यांच्या, केसांच्या चुका नकोत, त्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. मला ऋतू, तिथी, रेल्वे असल्या पक्क्या गोष्टी हव्यात. "सिनेमा आहे, सोडून द्या" असं लिहिणाऱ्याने आधी स्वतः तो किती वेळा पाहिलाय ते सांगावं.

सिंगल_स्क्रीन

सिनेमा आहे, सोडून द्या. (१९ वेळा. त्यातले ११ मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात, साडेअकराच्या खेळाला.)

सीरियसली सांगतो, तिथे बसलेल्या माणसाला मोहरीचा महिना आठवत नाही. शेजारी एक काका होते, मुंबई सेंट्रलला उतरून गावची गाडी सुटेपर्यंत वेळ काढायला आलेले. पायाशी बॅग. मध्यंतरानंतर घोरायला लागले आणि शेवटच्या स्टेशनाला बरोब्बर उठले. त्यांना तुमचं पंचांग दाखवून बघा.

गुरगावात_मराठी

मोहरीबद्दल अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण ते पिवळं शेत पंजाबातलं नाहीच. त्या शेतातलं गाणं आमच्या गुरगावात झालंय. आता त्या भागात टॉवरच टॉवर आहेत, पण सोहन्याकडे थोडं बाहेर गेलं की जानेवारीत अजून तेच दृश्य दिसतं.

पेरणी ऑक्टोबरात, फूल डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, काढणी मार्च-एप्रिल. म्हणजे करवा चौथच्या दिवशी मोहरी अजून पोत्यात नाहीतर नुकती मातीत. तेव्हा पंजाबात भात काढायची धांदल असते.

आणि एक चूक कुणी काढत नाही ती मी काढतो. मागच्या वर्षी बायको म्हणाली, आपण पण तसा फोटो काढू. शेतात शिरलो. बाहेरून गालिचा दिसतो तो, आत शिरलात की झाडं छातीला लागतात आणि फांद्या एकमेकींत अशा अडकलेल्या असतात की हात पसरून पळणं सोडा, आडवं पाऊल टाकता येत नाही. दोन मिनिटांत माझा पांढरा शर्ट हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखा झाला. वर मधमाश्या! फुलोऱ्याच्या दिवसांत मधवाले पेट्या आणून बांधाला ठेवतात. शेतमालक लांबून ओरडत होता, त्यातलं निम्मं कळलं नाही हे बरं झालं.

तेव्हा सिनेमात ज्या गायीच्या गळ्यात घंटा वाजते ती गाय उभ्या पिकाच्या इतकी जवळ मोकळी कुणी सोडली, हा माझा प्रश्न.

चष्मिष्ट

@गुरगावात_मराठी, शर्टाचा फोटो टाका.

ग्वाल्हेरकाकू

चष्मिष्ट, तुझ्या भाचीला माझ्याकडून शंभर गुण.

मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले त्याला आता चाळीस वर्षं होतील. शेजारपाजार सगळा करवा चौथवाला. पहिल्या वर्षी शेजारच्या भाभीने विचारलं, "आप नहीं रखतीं?" मी म्हटलं, आज माझाही उपास आहेच, संकष्टीचा! करवा चौथ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली आश्विन वद्य चतुर्थी. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, म्हणून ते त्याच दिवसाला कार्तिक म्हणतात. दोघींचे डोळे चंद्राकडे. त्या पाणीसुद्धा पीत नाहीत आणि आमची साबुदाण्याची खिचडी, एवढाच काय तो फरक.

आता पुढचं ऐक. वद्य चतुर्थी म्हटल्यावर अकरा दिवसांनी अमावास्या. म्हणजे दिवाळी! उपास झाला की लगेच घरात फराळाची, रंगरंगोटीची गडबड हवी. आणि देव उठल्याशिवाय, म्हणजे कार्तिकी एकादशीशिवाय, तिकडेही लग्नाचे मुहूर्त निघत नाहीत. करवा चौथ ते देवउठनी जेमतेम तीन आठवडे. लग्नाच्या तयारीला तेवढे दिवस बरोबर बसतात, मान्य. पण मधली दिवाळी कुठे गेली? एवढं मोठं खटलं, विलायतेहून पोर आलेली, आणि उंबऱ्यावर पणती नाही?

सिंगल_स्क्रीन

काकू, हा सिनेमा लागलाच मुळी दिवाळीत! २० ऑक्टोबर १९९५. त्या वर्षी २३ ला लक्ष्मीपूजन होतं आणि २४ ला सकाळी खग्रास सूर्यग्रहण. आमच्या चाळीत अर्धी पोरं एक्स-रेची फिल्म डोळ्याला लावून गच्चीवर आणि अर्धी तिकिटाच्या रांगेत. पडद्यावरची करवा चौथ तेव्हा नुकतीच होऊन गेलेली होती. म्हणजे बघणाऱ्याच्या दृष्टीने तिथी अगदी ताजी.

आता तुम्ही मलाच यात ओढताय.

रेडिंगकर

इंग्लंडातून लिहितोय. सरसों तुमची तुम्ही बघा, माझं दुखणं रेल्वेचं आहे.

सहलीला निघताना सिमरन धावत गाडीत चढते ते स्टेशन लंडनचं किंग्ज क्रॉस. किंग्ज क्रॉसच्या गाड्या जातात उत्तरेला: पीटरबरो, यॉर्क, एडिनबरा. तिथून युरोपात जाणारी गाडी नाही. तेव्हा युरोपात जायचं तर व्हिक्टोरिया किंवा चेअरिंग क्रॉसवरून डोव्हर गाठायचं, पुढे बोट. नाहीतर समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी नवी कोरी युरोस्टार गाडी. ती १४ नोव्हेंबर १९९४ ला सुरू झाली, म्हणजे चित्रीकरण चालू होतं त्याच काळात. पण ती सुटायची वॉटर्लूवरून, थेम्सच्या पलीकडून. सिनेमातल्या गाडीत ही दोघं बसली तशीच बसून राहिली असती तर दुपारी स्कॉटलंडात पोचली असती आणि पुढचा सगळा प्रकार मेंढ्यांत झाला असता.

गंमत पुढे आहे. २००७ साली युरोस्टार वॉटर्लूहून हलवून सेंट पँक्रासला आणली. सेंट पँक्रास आणि किंग्ज क्रॉस यांच्यात एक रस्ता आहे फक्त. त्यामुळे आजकालची पोरं सिनेमा बघून म्हणतात, बरोबर आहे की, पॅरिसची गाडी तिथूनच जाते! बारा वर्षांनी चुकीचंच बरोबर होत आलं.

दुसरं, आपण सगळे या प्रवासाला सर्रास 'युरेल ट्रिप' म्हणतो. युरेलचा पास, म्हणजे युरोपभर रेल्वेने फिरायचा पास, मिळतो युरोपाबाहेर राहणाऱ्यांना. पासपोर्ट कुठला याला महत्त्व नाही, राहता कुठे ते बघतात. लंडनला राहणाऱ्यांसाठी इंटररेल. आणि ब्रिटन युरेलमध्ये आलं तेच मुळी २०१९ साली. माझा चुलतभाऊ पुण्याहून युरेलचा पास घेऊन आला होता, ९८ साली. डोव्हरला उतरून तोच पास त्याने तिकीट तपासनिसाला दाखवला. पुढचं सांगत नाही.

तिसरी गोष्ट ही चूक नाही, पण लोक चूक म्हणतात म्हणून. बाप ट्रफाल्गर चौकात कबुतरांना दाणे टाकतो, त्यावर नव्या पोरांचं म्हणणं असतं की तिथे बंदी आहे, दंड होतो. बंदी आली २००३ ला. त्याआधी तिथेच कपात दाणे विकत मिळायचे. बाप निर्दोष.

चष्मिष्ट

रेडिंगकर, दंडवत घ्या. मग सहलीत राज आणि सिमरनची झुरिकची गाडी चुकते आणि दोघं मागे राहतात, त्याचं काय? तिथून तर खरी गोष्ट सुरू होते.

रेडिंगकर

त्यावर लिहू नये असं ठरवलं होतं, कारण लिहिलं की सिनेमाच मोडतो. पण विचारलंतच.

ते स्टेशन झ्वायझिमेनचं. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर एकच शिस्त आहे: बहुतेक मार्गांवर दर तासाला गाडी, दर तासाच्या त्याच मिनिटाला. नऊ वाजून आठ मिनिटांची चुकली तर दहा वाजून आठची आहे, ती गेली तर अकरा वाजून आठची. वेळापत्रक पाठ करायची गरज नाही, मिनिट लक्षात ठेवलं की झालं. झ्वायझिमेनहून झुरिक अडीच-तीन तास, वाटेत स्पीत्सला गाडी बदलायची. तिच्या मैत्रिणी स्पीत्सच्या फलाटावर कॉफी पीत बसल्या असत्या तर ही पुढच्या गाडीने येऊन त्यांना गाठू शकली असती.

गाडी चुकणं ही आपल्याकडची ट्रॅजेडी आहे हो. जिथे दिवसाला दोन गाड्या असतात आणि दुसरी उद्या सकाळी. ती आपली भीती त्यांनी स्विस फलाटावर नेऊन ठेवली आणि आपल्यातल्या कुणालाही ते खटकलं नाही. मलाही नाही, इथे येऊन राहीपर्यंत.

गार्डडबा

@रेडिंगकर, शेवटचा परिच्छेद आवडला.

मी रेल्वेत गार्ड होतो, निवृत्त. (आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. म्हणोत.) शेवटी बाप हात सोडतो आणि सिमरन धावत राजची सुटलेली गाडी पकडते, त्या प्रसंगावर लोक हसतात, की गाडी एवढी हळू कशी, आणि पोरगी एवढा वेळ कशी धावते. त्यावर थोडं.

दहा-पंधरा डब्यांची गाडी, पुढे एक डिझेल इंजिन. ती लोकलसारखी झटक्यात सुटत नाही. ब्रेक शेवटच्या डब्यापर्यंत सुटायला वेळ लागतो, मग कपलिंगा ताणल्या जातात, मग ती हलते. सोयीसाठी धरा की दर सेकंदाला वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरने वाढतो. वीस सेकंदांनी ताशी सातेक किलोमीटर, म्हणजे झपझप चालणारा माणूस. तोवर गाडी वीसच मीटर सरकली. चाळीस सेकंदांनी ताशी चौदा, ऐंशी मीटर. मिनिटाने ताशी एकवीस-बावीस, आणि १८० मीटर. धडधाकट मुलगी जड कपड्यांत चाळीस सेकंदांच्या आसपासपर्यंत दाराची बरोबरी करू शकते. त्यापुढे नाही. बापाने हात सोडायला आणखी वीस सेकंद लावले असते तर संपलं होतं. तेव्हा गाडीचा वेग ही चूक नाही. स्लो मोशनमुळे तो वेळ ताणलेला दिसतो, एवढंच.

चूक दुसरीच. फलाटावर एवढी मारामारी चालू असताना गार्डने हिरवा झेंडा दाखवलाच कसा? मी असतो तर आधी स्टेशन मास्तरला आणि आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) हाक मारली असती. आणि मुलाचे वडील डब्यातच होते ना? डोक्यावर साखळी लटकत असते. रेल्वे कायद्याच्या १४१ कलमाखाली विनाकारण ओढली तर एक हजारापर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. मुलाच्या लग्नासाठी हजार रुपये त्या माणसाला जड नव्हते.

ग्वाल्हेरकाकू

आणि ते कारण 'विनाकारण' म्हणायचं की कसं, ते कोर्टाने ठरवावं!

पाताळगंगा

गार्डडबा काका, त्या स्टेशन मास्तरांना मी ओळखते असं म्हणायला आवडलं असतं. कारण ते स्टेशन पंजाबात नाही. आमचं आपटा आहे ते. पनवेल-रोहा मार्गावर, रसायनीच्या पुढचं.

मी रसायनीची. शाळेत असताना पाहुण्यांना दाखवायची आमच्याकडे दोन ठिकाणं होती, एक कर्नाळा आणि दुसरं हे. आजूबाजूला डोंगर, खाली पाताळगंगा, पावसाळ्यात फलाटाच्या कडेने हे एवढं गवत. पंजाबचा सपाट मुलूख ज्याने पाहिलाय त्याने आपट्याच्या फलाटावर उभं राहून चहूकडे बघावं. आणि आपट्याचं पान म्हणजे दसऱ्याचं सोनं. सोन्यासारखी पोरगी तिथूनच पाठवली म्हणायची.

आमच्या वडिलांचं म्हणणं ठाम आहे, की तिने धावायला नको होतं, कारण आपट्याला तेव्हा गाडी सुटली तरी पुढे क्रॉसिंगला थांबायची. एकेरी लाइन होती ना.

गार्डडबा

तुमचे वडील रेल्वेत होते का? असावेत.

कंटिन्युटीवाली

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

मी मालिकांच्या सेटवर पाच वर्षं कंटिन्युटी बघितली. लोकांना वाटतं कंटिन्युटी म्हणजे आम्ही गोष्ट सांभाळतो. छे. मी सांभाळायचे ते हे: मंगळसूत्राची वाटी उलटी का सुलटी, पदर कुठल्या खांद्यावर, कपात चहा किती, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले. आता मोबाईलवर शंभर फोटो काढतात. १९९४-९५ मध्ये पोलरॉइड आणि वही. फिल्म महाग, पोलरॉइडही महाग, म्हणून फोटो मोजून काढायचे आणि बाकीचं लिहून ठेवायचं.

माझी एक चूक सांगते. नायकाच्या उजव्या मनगटावर पट्टी होती. जेवणाच्या सुट्टीत त्याने ती सोडली आणि मेकअपवाल्या दादांनी परत बांधली ती डाव्या मनगटावर. मी समोरच उभी होते, कारण त्या वेळी माझं लक्ष आमटीच्या वाटीकडे होतं: आधीच्या शॉटमध्ये अर्धी होती, आता भरलेली दिसत होती. वाटी बरोबर केली. पट्टी तशीच गेली. भाग लागल्यावर माझ्या सख्ख्या मावशीने फोन करून सांगितलं.

पण ऋतू? तो आमच्या वहीत नसतो. तो कलाकारांच्या तारखांत असतो. संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही मे महिन्यात शूट केलं होतं. सुगडं कुंभाराकडून मागवली, बोरं मिळेनात म्हणून हिरव्या द्राक्षांना थोडा रंग लावला. काळी साडी नेसलेल्या बाई घामाने निथळत होत्या. आणि हलव्याचे दागिने! पंखे बंद, कारण आवाज येतो. वरून लाइट. दोन तासांत हलवा चिकट झाला, हार गळ्याला चिकटला, तिसऱ्या टेकला मुंग्या. पडद्यावर मात्र गोड संक्रांत दिसली.

डीडीएलजेचं शूटिंग सप्टेंबर ९४ ते ऑगस्ट ९५ असं वर्षभर चाललं होतं. म्हणजे मोहरी खरी होती, बर्फ खरा होता, कुरणंही खरी. त्या त्या जागी माणसं ज्या महिन्यात पोचली तो महिना कॅमेऱ्यात आला. नंतर जे शिवलं ते एकामागून एक लावलं. माझ्या मते चूक नाही ही, शिवण आहे. उलटी करून बघू नये.

चष्मिष्ट

@कंटिन्युटीवाली, लिहीत जा हो! द्राक्षांना रंग कसला लावला तेवढं सांगा.

@सगळे, शिवण उलटीच करून बघायची आहे. मी एक मांडणी करतो, फोडा.

जुलै सोडून द्या. समजा सहल डिसेंबर-जानेवारीत झाली. गावात बर्फ? बरोबर. झ्वायझिमेन, सानेन, ग्श्टाड सगळी हजार मीटरच्या आसपास, तेव्हा बर्फ असणारच. परत आले, पंजाबात गेले, फेब्रुवारीची सुरुवात. मोहरी? बरोबर. लग्न? माघ-फाल्गुनात मुहूर्त असतातच. निकालाचं म्हणाल तर विलायतेत काही ठिकाणी हिवाळ्यातही पदवीदान होतं. सगळं बसलं! फक्त करवा चौथ बाहेर राहते. एक प्रसंग काढला की सिनेमा निर्दोष.

रेडिंगकर

बसलं नाही. कुरणातल्या गायींचं काय? स्विस गायी हिवाळ्यात गोठ्यात असतात. मे-जूनमध्ये घंटा बांधून वर चरायला नेतात, सप्टेंबरात खाली आणतात. हिरवं कुरण आणि घंटेवाली गाय म्हणजे उन्हाळाच.

उलट उन्हाळा धरला तर बर्फ वाचवता येतो. ग्श्टाडपासून जवळ ले दियाब्लेरेची हिमनदी आहे, तीन हजार मीटरवर, केबल कारने जाता येतं. जुलैतही वर बर्फ. म्हणजे खाली गावात फुलं आणि वर लाल झगा, एकाच दिवशी शक्य.

सिंगल_स्क्रीन

पण त्या लाल झग्याच्या गाण्यात ती प्यायलेली आहे. केबल कारचं तिकीट कुणी काढलं?

रेडिंगकर

राजने. तो तेवढा सभ्य होता.

गुरगावात_मराठी

आणि व्हिसा? स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकाच व्हिसात, २००८ च्या डिसेंबरात आलं. भारतीय पासपोर्ट असेल तर तेव्हा फ्रान्सचा वेगळा, स्विसचा वेगळा. बापाने परवानगी दिली आणि पोरगी निघाली, असं होत नसे. तिकडे राज ब्रिटिश नागरिक असेल तर त्यालाही भारतात यायला व्हिसा लागणार. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं ओसीआय कार्ड २००५ नंतरचं. लंडनला ऑल्डविचच्या आपल्या हायकमिशनच्या रांगेत उभा राहिलेला नायक कुणी दाखवत नाही.

ग्वाल्हेरकाकू

चष्मिष्ट, थांब. करवा चौथ काढू नकोस. तुझी हिवाळ्याची मांडणी मी जवळजवळ वाचवते.

जानेवारीत इकडे सकट चौथ असते. पौष वद्य चतुर्थी, आपली पौषातली संकष्टी. (हे लोक माघ म्हणतात.) तीळ कुटून तिळकूट करायचं, दिवसभर निर्जळी, रात्री चंद्राला अर्घ्य आणि मग उपास सोडायचा. तोच चंद्र, तीच गच्ची, तेच ताटकळणं. थंडी इतकी की हातातलं पाणी गार लागतं आणि धुक्यात चंद्र दिसत नाही म्हणून बायका शेजारच्या गच्चीवर ओरडून विचारतात, "दिखा क्या?" मोहरीसुद्धा तेव्हा फुललेली.

अडचण एकच. तो उपास आई करते, मुलांसाठी. होणाऱ्या नवऱ्यासाठी नाही. म्हणजे त्या रात्री गच्चीवर सिमरन नको, तिची आई हवी. आणि खरं सांगू, तो सिनेमा मला आईचाच वाटतो. पोरीला पळून जायला सांगून दागिने हातात ठेवते ती बाई. तिचा उपास बघायला मला जास्त आवडलं असतं.

कंटिन्युटीवाली

काकू, 🙏. असं कुणी लिहून आणलं असतं तर मी तिळकुटाची वाटी पाच टेक सांभाळली असती.

(द्राक्षांना हळद आणि कॉफी.)

सिंगल_स्क्रीन

मी हरलो. विसाव्यांदा बघणार आणि गच्चीवर लक्ष ठेवणार.

चष्मिष्ट

भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. उन्हाळा धरला तर मोहरी मरते, हिवाळा धरला तर गायी आणि करवा चौथ. ती म्हणाली, "मामा, म्हणजे मी बरोबर विचारलं होतं." आता हट्ट धरलाय की ते स्टेशन बघायचंय. रविवारी तिला घेऊन आपट्याला येतोय. @पाताळगंगा, गाडी कुठली घेऊ?

पाताळगंगा

दिव्याहून रोह्याची मेमू घ्या, पनवेललाही मिळेल. वेळ आदल्या दिवशी बघून घ्या, रविवारी गडबड असते. मेमू आपट्याला मिनिटभर थांबते आणि विजेची आहे, ती काकांच्या डिझेलसारखी चाळीस सेकंद देत नाही, तेव्हा भाचीला फलाटावर धावायला लावू नका. रील काढणारी दोन-चार जोडपी असतील, त्यांच्या मधून वाट काढा. पाण्याची बाटली आणि डबा घरून आणा.

आणि परतीची चुकवू नका. पुढची तासाभराने नाही. आपटा आहे ते, झ्वायझिमेन नव्हे.